मोटारीचं कपाळ

आमच्या माहेरी मोटार होती, असं मी सांगते तेव्हा नातसुना माझ्याकडे आदराने बघतात. त्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी लांबलचक आणि चकचकीत उभं राहत असावं. मी त्यांना अडवत नाही. या वयात फुकटचा मान मिळत असेल तर तो परत कोण करतो? पण आता लिहायलाच बसले आहे तर खरं लिहिते. त्या मोटारीने आम्हांला जेवढं वाहून नेलं, त्याहून जास्त आमच्या ढवळ्या-मोऱ्या या बैलांनी तिला वाहून आणलं.

माझे वडील, म्हणजे अप्पा, हिंगोलीपासून सहा-सात मैलांवरच्या एका गावाचे पाटील. मोटार त्यांनी हिंगोलीतल्या एका म्हाताऱ्या अंमलदाराकडून घेतली. हा गृहस्थ नोकरी संपवून हैदराबादला परत निघाला तेव्हा त्याने आपला घोडा बरोबर नेला आणि मोटार मागे ठेवली. यावरून एखाद्याने काहीतरी ओळखलं असतं. अप्पांनी ओळखलं ते इतकंच, की आता पंचक्रोशीत मोटार असलेला पाटील एकच. काळी, उंच, कापडी छपराची ती मोटार अंगणात आली तेव्हा कोंबड्या दोन दिवस बाहेर पडल्या नाहीत. पुढे लोखंडी दांडा घालून गरागरा फिरवला की ती आधी खोकायची, मग शिंकायची, आणि मग सगळं घर हादरवत सुरू व्हायची. चुलीपुढे भाकरी थापणारी माय म्हणायची, "झाली जागी." अंगणातल्या बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया थरथरायच्या आणि अप्पांचा चेहरा उजळायचा.

मोटार हाकायला माधव होता. 'चालवायला' म्हणायला हवं, पण तो हाकायचाच. जन्मभर बैलगाडी हाकलेला हा माणूस आठ दिवस अंमलदाराच्या ड्रायव्हरजवळ बसला आणि ड्रायव्हर झाला. चढ आला की तो जीभ टाळ्याला लावून चक् चक् करायचा, उतारावर "हो, हो, दमानं" म्हणायचा आणि मोटार थांबली की उतरून तिच्या पाठीवर थाप मारायचा. पोळ्याला त्याने बैलांबरोबर तिलाही पुरणाची पोळी दाखवली. नंतर ती पोळी माधवनेच खाल्ली, कारण मोटारीला भूक नव्हती.

त्या मोटारीमुळे मी शाळेत गेले. अप्पांना मुलींच्या शिक्षणाची फार कळकळ होती असा कुणाचा समज होऊ नये. गावातल्या चार इयत्ता माझ्या झाल्या होत्या आणि माझ्या वयाच्या पोरी एकेक करून सासरी निघाल्या होत्या. पण मोटार घेतल्यावर ती रोज हिंगोलीत दिसायला हवी, आणि रोज हिंगोलीला जायला काहीतरी कारण हवं. आठवड्याचा बाजार आठवड्यातून एकदाच, कचेरीतलं काम महिन्यातून एकदा. मग मायनेच एकदा वाढता वाढता म्हटलं, "गोदी शाळेत जाईल की मोटारीतून." अप्पांचा घास हातातच राहिला. पाटलाची लेक मोटारीतून शाळेत! पुढच्याच सोमवारी माझं नाव हिंगोलीच्या मुलींच्या शाळेत घातलं गेलं. मी विद्येसाठी जात होते आणि अप्पा मला मिरवायला पाठवत होते, पण रस्ता एकच असल्यामुळे आमचं भांडण झालं नाही.

मला शाळा आवडली. भिंतीवर नकाशा होता, आणि उर्दू शिकवणाऱ्या उस्तानीबाई पान खाऊन इतकं गोड बोलायच्या की मी चुकायची तेही मन लावून. दुपारी मी डब्यातले धपाटे सगळ्यांना वाटायची. घरी परत येताना मला वाटायचं की हे असंच चालावं, कुणी थांबवू नये.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या प्रत्येक अवजाराची पूजा होते. नांगर, विळे, मोट, पाटा-वरवंटा, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मोटार अवजारांत धरायची की जनावरांत, यावर थोडी चर्चा झाली आणि दोन्हींत धरावी असं ठरलं. पण हळदकुंकू लावायचं कुठे? या मोटारीची पेट्रोलची टाकी मागे नव्हती. इंजिनाच्या मागे, पुढच्या काचेच्या अलीकडे ती बसवलेली होती आणि तिचं पितळी झाकण बरोबर मधोमध वर आलेलं होतं. माय म्हणाली, "हे बघा तिचं कपाळ." सगळ्यांना पटलं. कपाळच होतं ते. घरच्या हळदीचा ओला लेप, त्यावर कुंकू, त्यावर तिळाच्या तेलाचं बोट. अप्पा इतके खूश झाले की त्यांनी हुकूमच काढला, आजपासून रोज सकाळी मोटारीची पूजा होईल आणि ती गोदी करील, कारण मोटार गोदीसाठीच तर आहे.

मी कधी एक दिवस चुकवला नाही. रोज आंघोळ करून ताट घेऊन जायची आणि मनोभावे कालच्या हळदीवर आजची हळद लावायची. कालची पुसून मग आजची लावावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. लावलेलं कुंकू पुसायचं नसतं. पुसणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. मी हात जोडून रोज एकच मागणं मागायची, की बाई, मला वेळेवर शाळेत पोचव.

पंधरा दिवसांत बाई रस्त्यात बसायला लागली.

चांगली सुरू व्हायची, गावाबाहेर पडायची, मैल-दोन मैल जायची आणि बाभळीच्या बनाजवळ दोन आचके देऊन गप्प व्हायची. माधव उतरायचा, पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडून आत काडी बुडवायचा. झाकण उघडताना फुस्स असा आवाज यायचा. माधव हळहळायचा, "बघा गोदाबाई, कसा सुस्कारा टाकून राहिली. थकली बिचारी." काडी ओली निघायची. पेट्रोल असायचं. झाकण लावून, चुचकारून दांडा फिरवला की मोटार लगेच सुरू. आणखी दोन मैलांवर पुन्हा तेच. शाळेत पोचेपर्यंत पहिला तास संपलेला असायचा. कधी माधव कंटाळून अर्ध्या वाटेवरूनच घरी निरोप धाडायचा आणि बैल न्यायला यायचे.

आता गावात वैद्यांना काय तोटा? माधवचं म्हणणं, ती बनाला बुजते. तिथे पूर्वी कुणी तरी झाडावरून पडून मेलं होतं. त्याने तिथे एक लिंबू ठेवलं, झाकण उघडून काडी बुडवली, आणि मोटार सुरू झाली. लिंबाचा गुण! जोशीबुवा म्हणाले, शनीची नजर आहे, काळा रंग त्यालाच आवडतो. तेही एकदा बरोबर आले, मोटार थांबली, बुवांनी मंत्र म्हटला, माधवने काडी बुडवली, मोटार सुरू झाली. मंत्राचा गुण! अप्पांचं निदान होतं की इंजिन तापतं. ते त्यावर ओलं पोतं टाकायचे, आणि माधवने काडी बुडवली की पोत्याचा गुण यायचा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, पण आमच्याकडे कावळ्यांची रांग लागली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं फांदी आपणच मोडली.

एक गोष्ट मात्र कुणालाच उलगडत नव्हती. टाकी काठोकाठ भरली की मोटार लवकर थांबायची, आणि पेट्रोल अर्ध्याखाली असलं की लांब जायची. माधव म्हणाला, "मालक, बैलावानीच हाय. पोट भरलं की बसते." अप्पांनी यावर खरोखर विचार केला आणि दोन दिवस मोटारीला अर्धपोटी ठेवलं.

शेवटी हिंगोलीहून करीम मिस्त्री आले. सायकलच्या मागे पेटी बांधून येणारे हे सडपातळ गृहस्थ आमच्या गावात इंजिनाबद्दल ज्ञान असलेले पहिले मनुष्य होते. त्यांनी प्लग काढले, घासले. कार्बोरेटर उलगडून फडक्यावर मांडला. तांब्याची नळी तोंडात धरून फुंकली, वारा आरपार गेला. सगळं स्वच्छ. पण या सगळ्याआधी त्यांनीही टाकीचं झाकण उघडलं होतं. आणि कसं उघडलं! फडक्याने फक्त कडा धरून, हळूच, वरच्या हळदकुंकवाला बोट न लावता. अप्पा म्हणाले, "धरा की बराबर." मिस्त्री म्हणाले, "पूजा की चीज है पाटील साब, हम कैकू बिगाड़ना." मला तेव्हाही ते फार चांगलं वाटलं होतं आणि आजही वाटतं. मोटार सुरू झाली, मिस्त्री जेवून गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही बनाजवळ.

असं तीन वेळा झाल्यावर अप्पांचा धीर सुटला. मोटार हिंगोलीत दिसत होती खरी, पण बैलांच्या मागे दिसत होती, आणि बाजारात लोक आता थांबून बघत ते वेगळ्या कारणासाठी. त्यांनी जेवताना जाहीर केलं, "संक्रांतीपस्तोर बघतो. न्हाई सुधरली तर शाळा बंद. पोरीची जात रोज रस्त्यात बसून राहते, शोभते का?" रस्त्यात मोटार बसत होती, पण शोभेचा प्रश्न माझ्याकडे आला. मी ताटावरून उठले आणि गोठ्यात जाऊन रडले.

त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतली गोष्ट. राकेलचा नवा डबा आला होता आणि मायने मला तो बाटल्यांत ओतायला सांगितलं. मी खिळ्याने डब्याला एका कोपऱ्यात भोक पाडलं आणि डबा वाकडा केला. तेल गटगट करत आलं, मग थेंबथेंब, मग थांबलंच. डबा भरलेला आणि तेल येईना. मी डबा हलवायला लागले तशी माय चुलीपासून उठून आली.

"काहून हलवून राहिली त्याले? एका भोकानं तेल येत असते का?"

तिने खिळा घेतला आणि समोरच्या कोपऱ्यावर एक घाव घातला. फुस्स! तेल सरळ धारेने बाटलीत यायला लागलं.

"वाऱ्याला आत जायला जागा ठेवावं लागते, बाई," माय म्हणाली आणि भाकर करपेल म्हणून परत गेली.

मी तशीच बसले. बाटली भरून तेल जमिनीवर सांडायला लागलं तरी मला कळलं नाही. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. लिंबू, मंत्र, ओलं पोतं आणि करीम मिस्त्री, या सगळ्यांच्या वेळी तो आला होता.

उन्हं उतरायच्या आत मी अंगणात गेले. झाकणावर एव्हाना बोटभर जाडीचा पापुद्रा बसला होता, उन्हाने वाळून विटेसारखा टणक झालेला. मी बाभळीचा काटा घेऊन मधोमध टोकरलं. टोकरताना देवाचं काही बिघडवते आहे असंच वाटत होतं. थोडं खोल गेल्यावर काटा एकदम सुळकन आत शिरला. झाकणाला भोक होतं. विलायतेतल्या कुणा शहाण्याने डब्याचं दुसरं भोक मुद्दाम ठेवलं होतं, आणि मी रोज हात जोडून, वेळेवर पोचव म्हणत, ते लिंपत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी वाचलं होतं. इथे कळसा माझाच होता आणि वळसा सगळ्या गावाने घातला होता.

कुंकू पुसायचं धाडस मला झालं नाही. भोक मोकळं ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून हळदकुंकू पुढच्या दोन दिव्यांना लावायला लागले. मायने विचारलं, "आज दिव्याला काहून?" मी म्हटलं, "डोळे आहेत तिचे." माय माझ्याकडे घटकाभर बघत राहिली आणि आत गेली. मोटार त्या दिवशी बनावरून अशी गेली की माधवने लिंबाला रामराम केला. महिनाभर ती कुठेही अडली नाही. लिंबू, मंत्र, पोतं आणि मिस्त्री, चौघांनीही श्रेय घेतलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पूजेनेच मोटार बिघडली असं झालं असतं, आणि पूजा करणारी कोण?

पण आपलं शहाणपण आपल्यालाच कसं भोवतं बघा. मोटार नीट चालायला लागल्यामुळे अप्पांची छाती पुन्हा फुगली, आणि संक्रांत झाल्यावर त्यांनी वसमतच्या एका मोठ्या घरी निरोप धाडला. मुलगा होता, जमीन होती. उत्तर आलं की मुलगी बघायला येतो, पसंत पडली तर याच वैशाखात उरकू, आणि शाळा मात्र आताच बंद करा, शिकलेली सून आमच्यात चालत नाही. अप्पा म्हणाले, "या. स्टेशनावर मोटार पाठवतो." माझी परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. मी मायला म्हटलं, "मला नाही करायचं." माय म्हणाली, "माझ्या हातात काय हाय, पोरी?" आणि पुरण वाटायला बसली.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी घरात पुरणाचा आणि येसराच्या आमटीचा वास भरला होता. मला नऊवारी नेसवलं होतं. मायने नेहमीसारखं ताट हातात दिलं. अंगणात कुणी नव्हतं. मी दिव्यांपुढे उभी राहिले, मग दोन पावलं पुढे गेले. हळद तेलात घट्ट कालवली आणि झाकणाच्या मधोमध अंगठ्याने दाबून भरली. वर कुंकू लावलं. हात जोडले, पण त्या दिवशी मागणं उलटं होतं.

पुढचं माधवने सांगितलेलं आहे. अप्पांना घेऊन स्टेशनावर जाताना मोटार दोनदा थांबली, दोनदा काडी बुडवली, पोचली. हिंगोलीत पाहुण्यांच्या देखत अप्पांनी ऐटीत टाकी काठोकाठ भरून घेतली. मैलभर आल्यावर मोटार आचके देऊन बसली. पेट्रोल आत्ताच डोळ्यांदेखत भरलेलं, मग काडी कशाला बुडवायची? झाकण कुणी उघडलंच नाही. प्लग निघाले, पोतं ओलं झालं, सगळं झालं. पाहुणे उन्हात तापले. शेवटी शेजारच्या शेतातली बैलजोडी मागून आणली, आणि वसमतची मोठी मंडळी डोक्याला फेटे बांधून, मोटारीत ताठ बसून, बैलांच्या मागून आमच्या गावात शिरली. पोरांनी वेशीपासून वरात काढली होती.

जेवले मात्र. पुरणपोळीशी त्यांचं काही वैर नव्हतं. आंचवून झाल्यावर मुलाचे वडील म्हणाले, "पाटील, राग मानू नका. पाव्हण्याला घेऊन निघालेली मोटार अडली, हा शकून काय बरा न्हाई. इथं सोयरीक नको." मला न बघताच ते छकड्यातून निघून गेले.

अप्पा ओसरीवर बसून राहिले. जेवले नाहीत. त्यांचा फेटा मांडीवर होता आणि ते त्याची घडी पुन्हा पुन्हा घालत होते. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यावर वाईट दिवस आला तो माझ्या अंगठ्याने, हे मला माहीत होतं, आणि ते मी त्यांना कधीच सांगू शकले नाही. आज ते नाहीत. तरी पुन्हा तोच दिवस आला तर मी तेच करीन, हेही इथेच लिहून ठेवते.

मग अप्पा म्हणाले, "माधव, उद्याच इकून टाक ते धूड." मोटार गेली की शाळा गेली. हा हिशेब मी केलाच नव्हता.

माय दाराआडून बोलली. "आवं, उद्याच इकली तर लोकं म्हणतील, वसमतकरांनी टाकली म्हून पाटलानं इकली. आधी पोरीला घेऊन हिंगोलीच्या बाजारातून नीट जाऊ द्या चार दिवस. लोकांना दिसू द्या. मग इका बरं." अप्पांनी फेट्याची घडी थांबवली. म्हणाले, "व्हय. ते बी बराबर हाय." ती मोटार नंतर विकली ती माझी सातवी झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच उठले. कुणी यायच्या आत भोक मोकळं करायला हवं होतं. काटा घेऊन अंगणात गेले आणि थबकले. झाकण लखलखत होतं. सगळा पापुद्रा, दसऱ्यापासूनची सगळी हळद आणि सगळं कुंकू, खरवडून, चिंचेने घासून पुसलेलं होतं. मधोमध ते बारीक भोक स्वच्छ दिसत होतं. जी बाई शेजारणीचं कुंकू घामाने विस्कटलं तरी घाईने नीट करायला धावायची, तिने स्वतःच्या हाताने कपाळ पुसलं होतं. मागे पावलं वाजली. मायच्या हातात ताट होतं आणि बोटांच्या पेरांत पिवळं राहिलेलं होतं.

"दिव्याला लाव," ती म्हणाली. "अन् लवकर कर, पहिला तास बुडल."